वर्गात सेन्सरी कॉर्नर करायचाय, सुरुवात कुठून करू?

खडूवाली:
नमस्कार मंडळी. मी दुसरीला शिकवते. यंदा वर्गात एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे, एक एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सारखी चुळबुळ) असलेली मुलगी आहे आणि अजून एकदोघं आहेत ज्यांचं निदान वगैरे काही झालेलं नाही पण घंटा वाजली की कान झाकतात. अशा मुलांना आवाज, उजेड वगैरे असह्य झालं की शांत व्हायला एक कोपरा, म्हणजे सेन्सरी कॉर्नर, करायचाय. मुख्याध्यापकांनी मागचा कोपरा वापरायला हो म्हटलंय, थोडे पैसेही मिळतील. नेटवर शोधलं तर बबल ट्यूब, रंग बदलणारे दिवे, अंगावर दाब यावा म्हणून घालायचं वजनाचं जॅकेट, झोपाळा, काय नि काय! एवढं सगळं घेणं शक्यच नाही. आणि मुलगा गोंगाट वाढला की बाकाखाली जाऊन बसतो, तर मुलगी उलट सारखी खुर्ची हलवते, उठते, भिंतीवर जाऊन आदळते. दोघांना एकच कोपरा चालेल का? आधी काय घेऊ?

ओटी_मावशी:
आधी काहीच घेऊ नका :) मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते, शाळांमधूनच काम करते, आणि बहुतेक ठिकाणी हेच बघते की कोपरा मस्त सजवलेला असतो पण बाकीचा वर्ग तसाच अंगावर येणारा. मग मूल दिवसभर त्रास सहन करतं आणि फुटलं की त्याला कोपऱ्यात पाठवतात.

तुमची दोन मुलं दोन टोकांची आहेत. मुलाला आवाज जास्त होतोय, त्याला कमी करून हवंय. मुलीच्या शरीराला मात्र जास्त हवंय, स्नायू आणि सांध्यांवर दाब येईल, जोर लागेल असं काहीतरी ती शोधतेय, म्हणून ते आदळणं. तिला कोपऱ्यात शांत बसवलंत तर ती तिथेही आदळणारच. तिला कामं द्या, वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात नेऊन दे, खुर्च्या रचून ठेव, दोन्ही हातांनी भिंत ढकल. खुर्चीच्या पुढच्या पायांना जाड इलॅस्टिक बांधलं तर बसल्या बसल्या पायाने ताणता येतं, आवाज होत नाही. आणि हे ती अस्वस्थ व्हायच्या आधी, ठरलेल्या वेळी करायचं, धिंगाणा केल्यावर दिलंत तर ते बक्षीस वाटतं.

वजनाच्या जॅकेटबद्दल एक, त्याच्या फायद्याचा पुरावा फार कच्चा आहे. थेरपिस्टने त्या मुलाला बघून सांगितल्याशिवाय त्यात पैसे घालू नका.

भिंतीवरचा_तक्ता:
मावशींना अनुमोदन. मी विशेष शिक्षक आहे, माझा अनुभव असा की आणण्यापेक्षा काढण्याने जास्त फरक पडतो. भिंती बघा आधी. तक्ते, तोरणं, मुलांची चित्रं, सगळं एकावर एक. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडीतल्या २४ मुलांना कधी खूप सजवलेल्या तर कधी मोकळ्या भिंतींच्या वर्गात शिकवलं, २०१४ साली ते छापून आलं. सजवलेल्या वर्गात जवळपास ३९ टक्के वेळ लक्ष भलतीकडे, मोकळ्या वर्गात २८ टक्के. आणि धड्यावरच्या प्रश्नांची उत्तरंही मोकळ्या वर्गात जास्त बरोबर आली. आता निदान फळ्याची भिंत तरी कोरी ठेवा, चित्रं मागच्या भिंतीवर जाऊदेत (मुलांच्या पालकांना वाईट वाटतं कधीकधी, त्यांना समजावून सांगायचं).

मग आवाज. वर्गात आवाज घुमतो का बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातला मागचा आवाज ३५ डेसिबल आणि घुमणं ०.६ सेकंदाच्या आसपास असावं असं आहे, बहुतेक वर्ग याच्या जवळपासही नसतात हा भाग वेगळा. जाड पडदे, सतरंजी, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, एवढ्यानेही खरखर बरीच कमी होते.

हेडफोनवाला:
मी शिक्षक नाही, स्वतः स्वमग्न आहे, आता नोकरी करतो. ट्यूबलाइटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. जुन्या चोकवाल्या ट्यूब सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात, बहुतेकांना दिसत नाही पण माझं डोकं दुखायचं आणि त्यांची ती गुणगुण तर संपूर्ण तासभर ऐकू यायची, बाईंचं बोलणं त्याच्या मागे कुठेतरी. मी आळशी आहे असंच सगळ्यांना वाटायचं. खिडकीचा उजेड पुरत असेल तर दिवे बंद ठेवा. आणि प्लीज रंग बदलणारे दिवे नका घेऊ.

दुसरं म्हणजे, तो मुलगा बाकाखाली जातोय म्हणजे त्याने स्वतःचा कोपरा शोधलाय. तिथून ओढून काढू नका. नवा कोपरा तसाच करा, तीन बाजूंनी बंद, थोडा अंधार. आणि कान झाकणाऱ्यांसाठी आवाज अडवणारे हेडफोन ठेवा पण घंटा, जेवणाची सुट्टी, गॅदरिंगची प्रॅक्टिस अशा वेळेपुरते. मी दिवसभर घालायचो, नंतर काढले की साधा पंखाही सहन होईना.

खडूवाली:
बापरे, मी तर दिव्यांची यादीच करून ठेवली होती. उद्या आधी भिंत मोकळी करते आणि त्या एका ट्यूबचं बघते, ती खरंच गुणगुणते. एकच शंका, कोपरा केला की बाकीची सगळीच तिकडे पळतील ना? आणि वर्गात बोलता बोलता त्याला 'जा तिकडे' असं कसं सांगू?

ओटी_मावशी:
पळतील, पळू देत. सुरुवातीला सगळ्यांना आळीपाळीने बसू द्या, नवलाई संपली की ज्यांना गरज आहे तीच जातात. तिथे कुणाला शिक्षा म्हणून पाठवायचं नाही हे मात्र वर्गात येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सांगा, एकदा कुणी पाठवलं की मुलं तिकडे फिरकत नाहीत. तोंडाने सांगूच नका, ऐन गोंधळात त्याला शब्द पोचणार नाहीत. एक चित्राचं कार्ड त्याच्या बाकावर चिकटवा, तुम्ही त्यावर बोट ठेवायचं किंवा त्याने उचलून दाखवायचं, आणि हे शांत असताना चारसहा वेळा करून बघा. वेळेसाठी वाळूचं घड्याळ ठेवा, टिकटिकणारं नको. तो वाळू संपल्यावरही उठला नाही तर अजून एकदा उलटं करा.