जागतिक प्रश्नांवरील वादविवाद स्पर्धा : मुलांना पाठांतरातून बाहेर कसे काढावे?

प्रश्न : माणदेशी_शिक्षिका

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. आमच्या जिल्ह्यात दरवर्षी हिवाळ्यात जागतिक प्रश्नांवर आंतरशालेय वादविवाद स्पर्धा होते. गेल्या वर्षीपासून ती जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेच्या धर्तीवर घेतली जाते, म्हणजे प्रत्येक बाजूला तीन वक्ते, प्रत्येकाला ८ मिनिटे आणि शेवटी दोन्ही बाजूंचे ४-४ मिनिटांचे समारोपाचे भाषण. गेल्या वर्षी आमची नववीतली विद्यार्थिनी खणखणीत आवाजात बोलत होती. तिसऱ्या मिनिटाला प्रतिपक्षाचा मुलगा प्रश्न विचारायला उभा राहिला, तिने त्याला विचारू दिले, पण उत्तर सुचेना. हातातल्या कागदाची घडी उलगडत ती क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरुवात केली ती थेट ‘आदरणीय व्यासपीठ’ इथपासून. दोष तिचा नव्हता, भाषण मी लिहून दिले होते. यंदाचा विषय ‘संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार रद्द करावा’ असा आहे आणि हाताशी पाच आठवडे आहेत. तयारी कशी करून घ्यावी?

प्रतिसाद १ : जुना_परीक्षक

मॅडम, भाषण लिहून देणे यंदा कटाक्षाने टाळा. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेची परंपरा एवढी मोठी आहे की वादविवादालाही आपण तिचेच माप लावतो. जागतिक शालेय वादविवादाच्या पद्धतीत आशयाला ४०, शैलीला ४० आणि व्यूहरचनेला २० गुण असतात. पहिले आणि शेवटचे मिनिट सोडले तर मधल्या सहा मिनिटांत प्रतिपक्षाला उभे राहून प्रश्न विचारता येतो. वक्त्याने साधारण दोन प्रश्न घ्यावेत अशी अपेक्षा असते, त्यामुळे सगळेच नाकारून सुटका होत नाही.

तयारीची सुरुवात वर्तमानपत्रांतील लेखांपासून न करता संयुक्त राष्ट्रांच्या सनदेपासून, म्हणजे संघटनेच्या मूळ करारापासून करा. कलम २७ मुलांकडून शब्दशः वाचून घ्या. परिषदेचे १५ सदस्य. कार्यपद्धतीच्या प्रश्नावर कोणतीही ९ मते पुरेशी होतात, पण इतर विषयांवर त्या ९ मतांत पाचही स्थायी सदस्यांची (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) सहमती लागते. नकाराधिकार म्हणतात तो हाच, आणि गंमत म्हणजे तो शब्द त्या कलमात कुठेही नाही. स्थायी सदस्य तटस्थ राहिला तर ठराव अडत नाही, हे प्रथेने ठरले आहे. इथे मुले हमखास गोंधळतात.

त्यानंतर कलम १०८ घ्या. सनदेत दुरुस्ती करायची तर दोन तृतीयांश सदस्य देशांची आणि पाचही स्थायी सदस्यांची मान्यता लागते. त्यामुळे अनुकूल बाजूला ‘हे पाच जण स्वतःचा अधिकार कशाला सोडतील?’ हा प्रश्न येणारच. प्रस्ताव ‘करावा’ असा आहे, ‘होईल’ असा नाही, हा भेद मुलांना आपल्या शब्दांत सांगता आला पाहिजे. शिवाय परिषदेची रचना बदलल्याचा दाखलाही आहे : १९६३ साली मंजूर झालेल्या आणि १९६५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सदस्यसंख्या ११ वरून १५ झाली. प्रतिकूल बाजूला २६ एप्रिल २०२२ चा आमसभेचा, म्हणजे सर्व सदस्य देशांच्या सभेचा ठराव उपयोगी पडेल. नकाराधिकार वापरला गेला की १० कामकाजाच्या दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा ठेवण्याची तरतूद त्यात आहे, म्हणजे अधिकार न काढताही जाब विचारता येतो असे मांडता येते.

प्रतिसाद २ : पालक_आणि_माजी_वक्ता

सरांचे म्हणणे पटते, पण पाठांतर पूर्ण सोडू नये असे मला वाटते. ग्रामीण भागातल्या मुलांना पहिल्या मिनिटाची धास्ती फार असते, तेवढे मिनिट पाठ असू द्या. पुढे कागदावर फक्त मुद्दे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर एका तासात तयारी करून बोलायला लावा आणि बाजू कोणती, हे चिठ्ठी टाकून ठरवा. जी बाजू आपल्याला पटत नाही ती एकदा मनापासून मांडली की प्रतिपक्षाचे प्रश्न आधीच दिसू लागतात.

माणदेशी_शिक्षिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शनिवारी चिठ्ठी टाकली आणि त्याच मुलीला प्रतिकूल बाजू आली. नकाराधिकार नसेल तर बलाढ्य देश संघटना सोडून जातील, असे ती म्हणाली. तेव्हा एकाने विचारले, की संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जुन्या राष्ट्रसंघाच्या परिषदेत तर निर्णयाला सर्वांचे एकमत लागत असे, तरी १९३३ मध्ये जपान आणि जर्मनी बाहेर पडलेच ना? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हे मला मान्य आहे, पण अमेरिका तर त्या संघात आलीच नव्हती, संयुक्त राष्ट्रांत पाचही जण अजून एकाच टेबलाभोवती बसतात.” आणि तिथूनच तिने पुढचा मुद्दा घेतला.