ग्रहांचे थेट फोटो : सरसकट शोध की हेरून शोध?

ध्रुवमत्स्य: दुसऱ्या ताऱ्यांभोवतालच्या ग्रहांचे थेट फोटो मिळवायला तरुण ताऱ्यांची यादी घेऊन एकेक तारा धुंडाळत बसणं आता थांबवावं. जेमिनी प्लॅनेट इमेजर या ग्रह टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या पहिल्या 300 ताऱ्यांत 6 ग्रह दिसले, त्यातला नवा एकच: 51 एरिडानी बी. आठ मीटरच्या दुर्बिणीच्या रात्री अशा खर्चणं मला पटत नाही. हिप्पार्कस आणि गाया या ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या उपग्रहांच्या नोंदींत सुमारे 25 वर्षांचं अंतर आहे. तेवढ्यात ताऱ्याची चाल बदललेली दिसली, की त्याला कोणीतरी ओढतंय हे कळतं. एएफ लेपोरिस बी हा ग्रह 2023 मध्ये असाच सापडला, तोही तीन वेगवेगळ्या गटांना.

चित्रास्वाती: असहमत. ओढ कळली म्हणून ग्रहाचा ठावठिकाणा कळतोच असं नाही. एप्सिलॉन इंडी हा तारा फक्त 12 प्रकाशवर्षांवर. तिथे ग्रह असल्याचं आधीच ठाऊक होतं, पण जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा फोटो 2024 मध्ये आला तेव्हा ग्रह भलत्याच जागी निघाला आणि वस्तुमान अंदाजाच्या जवळपास दुप्पट, गुरूच्या सहापट! शिवाय असे ग्रह किती ताऱ्यांभोवती असतात हे काढायचं, तर रिकामे निघालेले तारेही हिशोबात लागतात. हेरून निवडलेल्या यादीत ते येणार कुठून?

मृगशीर्ष: खरी अडचण फोटोच्या वजाबाकीत आहे. करोनाग्राफने ताऱ्याचा उजेड अडवला तरी प्रकाशमार्गातल्या बारीक दोषांमुळे ठिपके उरतात, आणि ते थेट ग्रहासारखे दिसतात. म्हणून आकाश कॅमेऱ्यात फिरू देतात. ठिपके जागेवर राहतात, ग्रह ताऱ्याभोवती सरकतो. मग सगळ्या फ्रेम्सचा मध्यक (मधली किंमत) प्रत्येक फ्रेममधून वजा करायचा. पण ताऱ्यापासून 0.2 आर्कसेकंदावरचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) ग्रह आकाश 10 अंश फिरलं तरी जेमतेम 0.035 आर्कसेकंद सरकतो, आणि 1.6 मायक्रॉन तरंगलांबीच्या प्रकाशात आठ मीटरच्या आरशात त्याचा ठिपकाच 0.04 रुंद असतो. म्हणजे ग्रह मध्यकातही उतरतो आणि वजाबाकीत स्वतःलाच खाऊन टाकतो. किती खाल्ला हे कळायला डेटात खोटे ग्रह पेरून बघावे लागतात.

ध्रुवमत्स्य: मग तारे मोजकेच हवेत ना! तारा याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो त्या सुमारास आकाश सर्वांत झपाट्याने फिरतं. तो तासा-दोन तासांचा पट्टा एका रात्रीत किती ताऱ्यांना देणार?

चित्रास्वाती: हे मान्य. पण वाचलेल्या रात्री दुसऱ्या फोटोसाठी राखून ठेवा. एचडी 131399 एबी 2016 मध्ये ग्रह म्हणून जाहीर झाला आणि 2017 मध्ये तो मागचा तारा ठरला. ठिपका ताऱ्याच्या सोबतीने सरकतोय हे दिसेपर्यंत मी त्याला ग्रह म्हणणार नाही, यादी कुठल्याही पद्धतीने केलेली असो.