आई-बाबांना 'सोबत' म्हणून आफ्रिकन ग्रे? कृपया असं करू नका

मृण्मयी_कोथरूड

गेल्या आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या बे_एरियाकर यांनी इथे लिहिलं होतं की, मुलं परदेशात असतील तर आई-वडिलांना आफ्रिकन ग्रेचं, म्हणजे आफ्रिकेतल्या राखाडी बोलक्या पोपटाचं, पिल्लू घेऊन द्यावं. "कुत्र्यासारखं खाली फिरवायला न्यावं लागत नाही, बोलतो, जीव लावतो, सत्तरीतल्या माणसांनाही सहज झेपतो." खाली सगळ्यांनी बदाम टाकले. एकानेही "थांबा" म्हटलं नाही, म्हणून मी लिहितेय.

माझ्याकडे ग्रे आहे. 'सहज झेपतो' हे लिहिणाऱ्याने त्याचा पिंजरा कधी घासलेला नाही. भिंतीवर बिटाचे डाग, जाळीत अडकलेली डाळिंबाची सालं, आणि या सगळ्यावर पांढरी भुकटी. ती त्याच्या पिसांतूनच झडते. टीव्हीचा पडदा काल पुसला असला तरी आज त्यावर बोट फिरवलं की रेघ उठते. त्याला रोज काही तास बाहेर सोडावं लागतं आणि तेवढा वेळ डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. तो वायर कुरतडतो, पंख्याच्या दिशेने झेपावतो. नॉनस्टिक तवा तर घरातून हद्दपारच करावा लागतो. तवा गॅसवर विसरला आणि जास्त तापला की टेफ्लॉनच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत जातो. सत्तरीत गॅसवर काही विसरत नाही असं कोण छातीठोकपणे सांगेल?

हे सगळं एक वेळ जमवता येईल. पण वयाचं काय? नीट सांभाळलेला ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो, साठीही गाठू शकतो. अडुसष्ट वर्षांच्या बाईंच्या हातात आज पिल्लू दिलंत, तर त्या ऐंशीच्या होतील तेव्हा तो ऐन भरात असेल. पुढे कोण? तुम्ही कॅलिफोर्नियाला न्याल? ग्रे 'साइट्स'च्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट एकमध्ये आहे; ती सर्वांत कडक संरक्षणाची यादी. दोन्ही देशांचे परवाने लागतात, तो काही बॅगेत घालून न्यायचा ऐवज नाही.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. पक्षी कामवाल्या मावशींवर सोपवला. मावशींनी खाणं-पाणी सगळं वेळेवर केलं, पण त्याला काकूच हव्या होत्या. काकू घरी आल्या तोवर त्याने छातीवरची पिसं मुळापासून उपटली होती. डोकं तेवढं शाबूत, कारण तिथे चोच पोचत नाही. ती पिसं नीट परत आलीच नाहीत.

बे_एरियाकर

माझं नाव घेऊन लिहिलंय, म्हणून उत्तर देतो. माझी आई सहकारनगरमध्ये तीन खोल्यांत एकटी राहते. बाबांना जाऊन फार दिवस झालेले नाहीत. मी रोज फोन करतो. "जेवलीस का?" "हो." "औषध घेतलंस?" "हो." संपलं. ब्रीडरने पाठवलेला पिल्लाचा व्हिडिओ दाखवला त्या दिवशी ती तासभर बोलत होती. त्याला काय नाव द्यायचं, कुठे ठेवायचं, बाबांची आरामखुर्ची हलवायची का. हे तुम्हाला 'ऐवज' वाटत असेल, मला नाही वाटत.

आणि ग्रेची बुद्धी काही माझ्या मनातली गोष्ट नाही. अमेरिकन संशोधक आयरीन पेपरबर्ग यांचा ॲलेक्स नावाचा ग्रे रंग ओळखायचा, आकार सांगायचा, सहापर्यंत वस्तू मोजायचा. असा जीव घरात असणं म्हणजे माणूस असण्यासारखंच आहे. तुम्ही स्वतः पाळता आणि दुसऱ्यांना नको म्हणता, हे कुठल्या न्यायाने?

मृण्मयी_कोथरूड

ॲलेक्सचंच घ्या. १९७७ पासून २००७ मध्ये तो गेला तोपर्यंत रोज दिवसभर त्याच्याशी बोलायला, त्याला शिकवायला माणसं होती. तो प्रयोगशाळेतला पूर्णवेळ विद्यार्थी होता. इतकी बुद्धी असलेला जीव एका खोलीत एका माणसाबरोबर ठेवला की तो कंटाळतो, आणि कंटाळला की स्वतःलाच सोलतो. बुद्धी आहे म्हणून तर नको म्हणतेय.

तुमच्या आईंच्या एकटेपणाबद्दल मी एक शब्दही वावगा बोललेले नाही.

मिरजकर

मृण्मयीताई, तुमच्या लिहिण्याचा राग आला. माझं वय एकाहत्तर. सौ. गेल्यानंतर मी सकाळी उठायचाच बंद झालो होतो. मुलीने ग्रे आणून दिला. आता साडेपाचला उठतो, कारण उजाडलं की तो शिट्टी मारतो. शेवग्याचा पाला ताजा हवा म्हणून मंडईत जातो, म्हणजे माझं चालणं होतं. त्याला खाणं देताना माझी बीपीची गोळी आठवते. तो चावलाय, बोटाला टाके पडलेत. तरी सांगतो, त्याने मला उभं केलं. म्हातारं माणूस म्हणजे सगळ्यांनी मिळून ज्याचा बंदोबस्त करायचा असलं मोडकं सामान नव्हे. आम्हाला काय झेपतं ते आम्हाला विचारा.

वेंगुर्लेकर

मिरजकर काका, पटलं. पण मला एक कळत नाही. आफ्रिकेतला पोपट दिवाणखान्यात मिरवला तर शौक, आणि आमच्या आजीने परसातल्या माडाखाली सापडलेलं राव्याचं पिल्लू वाढवलं तर गुन्हा? आजीने त्याला बोटाने पेज भरवून जगवलं. 'गो आये' अशी हाक मारायचा. कोणीतरी तक्रार केली, वनखात्याची गाडी आली आणि पिंजऱ्यासकट घेऊन गेली. आजी आठ दिवस जेवली नाही. देशी पोपट देशात पाळायचा नाही, हा कुठला कायदा?

रानवाट

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. आपले सगळे देशी पोपट त्यात येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपला हिरवा पोपट कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. पकडणं, विकणं, पाळणं सगळंच गुन्हा. तुमच्या आजीचं प्रेम खरं असेल, पण बाजारात येणारं प्रत्येक पिल्लू कोणीतरी ढोलीत हात घालून काढलेलं असतं. पायाला दोरा, टोपलीत एकावर एक कोंबलेली. घरापर्यंत पोचतात त्याहून किती वाटेत मरतात, ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही.

ग्रेवाल्यांनीही छाती फुगवू नये. १९७५ ते २०१३ या काळात तेरा लाखांहून जास्त जंगली ग्रे आफ्रिकेबाहेर विकले गेले, आणि हा फक्त कागदावरचा आकडा. घानामध्ये १९९२ नंतर नव्वद ते नव्याण्णव टक्के ग्रे नाहीसे झाले. म्हणून २०१६ मध्ये साइट्सच्या जोहान्सबर्गच्या बैठकीत त्याला परिशिष्ट एकमध्ये टाकलं. पिंजऱ्यातल्या प्रत्येक ग्रेच्या मागच्या पिढ्यांत कोणीतरी कांगो, कॅमेरूनसारख्या देशांच्या जंगलातून ओढून आणलेला आहे.

वेंगुर्लेकर

म्हणजे कागद असला की पाप धुतलं जातं! ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे पायात रिंग, डीएनएचा दाखला, ऑनलाइन नोंदणी. आजीकडे काय होतं? पेजेची वाटी. आमच्याकडे भातशेतीवर थवेच्या थवे उतरतात, लोंबी कापून अर्धी खाली टाकतात, तेव्हा कुठला कायदा राखणीला येतो? मिठू तर घराघरात होता. शंभर वर्षं होता. तेव्हा काही पोपट संपले नाहीत.

रानवाट

शंभर वर्षांपूर्वी ढोल्या असलेली जुनी झाडंही होती. रस्ता रुंद करायला वड-आंबे तोडले, तिथे घरटी कुठे करणार? आणि 'घराघरात होता' हा युक्तिवाद मला ऐकवत नाही. वीतभर पिंजरा, हिरवी मिरची, पेरूची फोड, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली टांगलेला. तुम्हाला त्याची हाक आठवते. तो किती वेळा उडाला, ते आठवतं का?

वेंगुर्लेकर

आमच्या आजीचा पिंजरा उघडा असायचा. तुम्ही पाहिलेला नाही, तर बोलू नका. नेल्यावर त्याचं काय झालं तेही कोणी सांगितलं नाही. हाताने वाढवलेला पक्षी रानात सोडला तर दुपारपर्यंत घार उचलते. ह्याला संरक्षण म्हणता?

रानवाट

असा पक्षी थेट सोडू नये, हे मान्य. पुनर्वसन केंद्रात ठेवायला हवा आणि घरच्यांना तसं कळवायलाही हवं. तेवढंच मान्य. पाळणं मान्य नाही.

पक्षीवैद्य_ठाणे

भांडण हिरव्यावर गेलंय, मी राखाडीवर परत येते. दोन गोष्टी कोणीच बोललेलं नाही.

मृण्मयी यांनी लिहिलेली भुकटी ही नुसती साफसफाईची अडचण नाही. काही माणसांच्या फुप्फुसांना ती सोसत नाही. सुरुवातीला साधा कोरडा खोकला वाटतो, मग जिना चढताना धाप लागते, आणि संपर्क तसाच राहिला तर फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. ज्येष्ठांना दमा किंवा जुना खोकला असेल, तर छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्रे घरात आणूच नये. खोकला घेऊन गेलात तर 'घरात पक्षी आहे' हे त्यांना आपणहून सांगा.

दुसरं म्हणजे कॅल्शियम. ग्रे त्यात फार नाजूक. माझ्याकडे येणारा ठरलेला रुग्ण: सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला, फ्लॅटच्या बाहेर कधी न गेलेला. मालक सांगतात, "दांडीवर बसला होता, पाय लटपटले, खाली पडला, पंख ताणले, पंजे मुठीसारखे आवळले." ही रक्तातलं कॅल्शियम उतरल्याने आलेली आकडी असते. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर सावरतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, लागणारे किरण काच अडवते. त्याला गॅलरीत थेट कोवळं ऊन हवं, बिया कमी, पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या) आणि पालेभाज्या जास्त. मिरजकरांचा शेवगा उत्तम. चहात बुडवलेलं बिस्किट, फरसाण, चॉकलेट बंद. ॲव्होकॅडो तर विषच.

आणि बे_एरियाकर, हातावर भरवायचं पिल्लू नवख्या माणसाला देणारा ब्रीडर टाळा. भरवायची पातळ भरड जास्त गरम झाली की पिल्लाची अन्नाची पिशवी आतून भाजते. अशी पिल्लं मी दर हंगामात बघते.

चौथा_मजला

सोसायटीचं कोणी बोलणार आहे का? आमच्या वरच्या घरात ग्रे आहे. लिफ्टचा आवाज, कुकरची शिट्टी, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं टुंटुं, पहाटेपासून. सेक्रेटरींना तीन अर्ज दिले. उत्तर: 'पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही.' आमची बारावीतली मुलगी कानात कापूस घालून अभ्यास करते.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. तो व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलची रिंग हुबेहूब काढतो. वरच्या काकूंचा मुलगा मेलबर्नला. रिंग वाजली की काकू हातातलं टाकून धावतात. पाय घसरून पडल्या त्या दिवशी आम्हीच वर गेलो. फोन टेबलावर शांत, आणि हा पिंजऱ्यात रिंग वाजवतोय. बे_एरियाकर, तुमचा फोन किती वाजता असतो ते त्यालाही पाठ होईल.

बे_एरियाकर

हे शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती.

चौथा_मजला

होती. आम्ही खाली राहतो, तुम्ही नाही.

मृण्मयी_कोथरूड

चौथा मजला, आवरा. त्यांनी आईसाठी काहीतरी करायचं ठरवलं, बरेच जण तेवढंही करत नाहीत.

मिरजकर काका, तुमच्याबद्दल माझा एक शब्द मागे घेण्यासारखा नाही, कारण तुमच्यासारख्यांना मी नको म्हटलंच नव्हतं. पक्षी तुम्हाला हवा होता, तुम्ही टाके घालून घेतलेत, रोज मंडईत जाता. माझा राग आहे तो दुसऱ्याने परस्पर ठरवून पाठवलेल्या भेटीवर. एकच विचारते, तुमच्यानंतर तो कोणाकडे?

मिरजकर

सांगलीचा पुतण्या. दर रविवारी येतो. पहिले काही महिने त्याला बघून पंख्यावर जाऊन बसायचा, आता त्याच्या हातून अक्रोड घेतो. लेखी दिलंय, नोंदणीचे कागदही त्याला दाखवून ठेवलेत. मरणाचं बोलायला आम्ही घाबरत नाही, मुलंच घाबरतात.

बे_एरियाकर

आईला काल थेट विचारलं. म्हणाली, "पिल्लू गोड आहे रे, पण रात्री भरवायला उठणं आता होत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." तेव्हा पिल्लू रद्द. ब्रीडर आगाऊ रक्कम परत द्यायला का-कू करतोय. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्याची पद्धत मला आवडलेली नाही, हेही नोंदवतो. पण आईला पक्षी हवाच आहे. मग काय घ्यायचं?

रानवाट

ब्रीडरकडे परवाना मागा. परिशिष्ट एकमधल्या पक्ष्यांची पैदास करायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे पिल्लाचा जन्म आणि हस्तांतर दोन्ही केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदवायला हवं. बहुतेक हा प्रश्न विचारल्यावर पैसे लवकर परत येतील.

पक्षीवैद्य_ठाणे

छातीची तक्रार नसेल तर बजरीगर या छोट्या पोपटांची जोडी. पाच-दहा वर्षांचं आयुष्य, आवाज सौम्य, एकमेकांची सोबत असते, त्यामुळे आई चार दिवस गावाला गेल्या तरी शेजारी दाणापाणी करू शकतात. कॉकाटील (तुरा असलेला छोटा पोपट) घेतलं तर पंधरा-वीस वर्षं धरा, आणि त्याची भुकटीही बरीच असते. दोघांनाही ती नोंदणी लागत नाही. दुकानात आईंना स्वतः जाऊन निवडू द्या.

वेंगुर्लेकर

बजरीगर ऑस्ट्रेलियाचा. तो चालतो, आजीचा रावा नाही. असो. त्याला कुठल्या केंद्रात ठेवलाय ते माहितीच्या अधिकारात विचारता येतं का, एवढं कोणी सांगेल?

रानवाट

येतं. गाडी कुठली होती, कुठल्या तारखेला आली ते व्यक्तिगत निरोपात पाठवा, अर्ज मी लिहून देतो.