एकदा उकळलेल्या चहापत्तीचा दुसऱ्यांदा चहा करावा का?

प्रश्न : गृहिणी, दारव्हा तालुका

नमस्कार. आमचे घर शेतकऱ्याचे असून निंदणाच्या दिवसांत बारा-पंधरा बायांचा चहा दुपारी शेतावर पाठवावा लागतो. सासूबाई सकाळच्या चहाचा गाळणीतला चोथा वाटीत काढून ठेवतात आणि दुपारी तोच चोथा, वरून चिमूटभर ताजी पत्ती घालून, गंजात पुन्हा उकळतात. पत्तीचे भाव पाहता त्यांची काटकसर मला समजते. मात्र त्या चहाला रंग आला तरी चव येत नाही, आणि पावसाने उघडीप दिली की उकाड्याने चोथ्याला आंबूस वास येतो. शिवाय दिरांनी नागपूरहून टी-बॅगचे खोके आणले आहे. एक पिशवी दोनदा वापरली तर चालते का? सासूबाईंना दुखवायचे नाही, म्हणून कारणांसह कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

उत्तर : निवृत्त विज्ञान शिक्षक, वर्धा जिल्हा

ताई, आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी दाणेदार पत्ती बहुतेक सीटीसी पद्धतीची असते. आसामात १९३०च्या सुमारास सुरू झालेल्या या पद्धतीत पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून आणि वळवून त्याचे दाणे करतात. पान असे फाटलेले असल्यामुळे त्याचा रंग, कडकपणा आणि कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात उतरू लागतात. त्यात आपण पत्ती खळखळ उकळतो, म्हणून गाळणीत जवळजवळ निःसत्त्व चोथाच उरतो. दुसऱ्या उकळीत थोडा तपकिरी रंग आणि तुरटपणा निघतो, सुगंध मात्र येत नाही. वापरलेली पत्ती वाळवून, रंग चढवून विकणे ही भेसळ मानली जाते. (शंका आली तर पत्ती ओल्या गाळण-कागदावर पसरावी आणि थोड्या वेळाने कागद नळाखाली धुऊन उजेडात पाहावा, रंगाचे डाग दिसले तर ती पत्ती घेऊ नये.)

आंबूस वासाकडे अधिक गांभीर्याने पाहावे. दूध-साखर लागलेला ओला चोथा उकाड्यात चार-सहा तास राहिला, तर जंतूंना वाढण्यासाठी याहून सोयीची जागा नाही. पुन्हा उकळल्यावर बहुतेक जंतू मरतात हे खरे; परंतु काही जंतूंनी तोवर तयार केलेले विष उकळूनही नष्ट होत नाही, आणि त्यानेच उलट्या-जुलाब होतात. उन्हात दिवसभर राबणाऱ्या बायांना असा चहा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चहा निघतो तो मोठ्या, अखंड पानाच्या चहाचा. चीनमध्ये ऊलाँगसारख्या चहाची तीच पाने लागोपाठ अनेक वेळा वापरतात. पण तेथे दूध नसते, उकळी नसते आणि दोन वेळांमध्ये तासन्‌तास जात नाहीत.

उत्तर : चहाविक्रेता, पुसद

वहिनी, सासूबाईंना हिशेब दाखवा. पत्ती ४०० रुपये किलो आणि एका कपाला २ ग्रॅम धरली, तर पत्तीचा खर्च कपामागे ८० पैसे, म्हणजे पंधरा कपांना १२ रुपये येतो. दूध-साखरेचा खर्च त्याहून बराच जास्त असतो, आणि सत्त्व गेलेल्या चोथ्यावर दूध ओतले की ती महागाची वस्तू बेचव होते. बचतच करायची असेल, तर पत्ती आधी नुसत्या पाण्यात उकळून गाळावी, तोच चोथा लगेच थोड्या पाण्यात पुन्हा उकळून ते पाणी पहिल्यात मिसळावे आणि मग वेगळे तापवलेले दूध घालावे. पत्तीत जे आहे ते सारे अशा रीतीने निघते आणि काहीही साठवून ठेवावे लागत नाही.

उत्तर : गृहिणी, अचलपूर

टी-बॅगमध्ये बहुधा बारीक भुकटी असते, त्यामुळे दुसरा कप फिकाच होतो. एकाच किटलीत दोन कपांचे पाणी घेऊन त्यात एक पिशवी थोडी अधिक वेळ ठेवलेली बरी. ओली पिशवी संध्याकाळसाठी ठेवू नये. चोथा धुऊन, दूध-साखर काढून गुलाबाच्या आळ्यात मिसळावा. न धुता टाकला तर मुंग्या लागतात.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे आभार. विक्रेते दादांना एकच विचारते: बिनदुधाचा चहा सकाळीच करून दुपारपर्यंत ठेवला तर चालेल का?

उत्तर : चहाविक्रेता, पुसद

चालेल, वहिनी, पत्ती आत न ठेवता पूर्ण गाळून घ्यावी, नाहीतर कडवट होतो. उकळता चहा थर्मासमध्ये भरून शेतावर न्यावा, आणि दूध निघण्याच्या वेळी तापवून दुसऱ्या थर्मासमध्ये वेगळे द्यावे.