स्वदेशी स्टेल्थ विमान: नेमकं अडतंय कुठे?

वाटसरू
अ‍ॅम्काबद्दल, म्हणजे आपल्याकडे बनत असलेल्या, रडारला सहज न दिसणाऱ्या (स्टेल्थ) लढाऊ विमानाबद्दल विचारायचंय. मार्च २०२४ मध्ये डिझाइन आणि पाच प्रोटोटाइपसाठी साधारण १५,००० कोटी मंजूर झाले, पण चीनचं असंच स्टेल्थ विमान जे-२० तर जानेवारी २०११ लाच उडालं होतं. माझा भाऊ म्हणतो की आकार तर सगळ्यांना दिसतोच, तसाच बनवायचा आणि वरून रडार शोषणारा रंग द्यायचा, त्यात एवढं काय? मला ते पटत नाही पण उत्तरही देता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाली, लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वॉड्रन (तुकड्या) मंजूर असताना आपण २९ वर आलो, म्हणून खरंच काळजी वाटते. कोणी नीट सांगेल का?

रेडिओलहरी
भावाचं एक बरोबर आहे, आकाराचा वाटा सगळ्यात मोठा असतो, रंगाचा नंतर. पण रडारचं गणित फार निष्ठुर आहे. विमानावरून परत जाणारी लहर १६ पट कमी केली तरी ते दिसायचं अंतर फक्त निम्मं होतं, आणि अंतर दहापट कमी करायचं तर परावर्तन १०,००० पट कमी करावं लागतं. म्हणजे बाकी सगळं जमलं आणि एक झाकण नीट बसलं नाही, तर केलेली मेहनत त्या एका फटीतून वाया जाते. म्हणून दारांच्या कडा करवतीसारख्या, हवा आत घेणारा मार्ग नागमोडी (नाहीतर इंजिनाची पाती समोरून लख्ख चमकतात), क्षेपणास्त्रं पोटात. आणि पोटात म्हटलं की इंधनही आतच, पंखाखाली टाक्या लटकवता येत नाहीत, मग विमान फुगतं, २५ टनांच्या वर्गात जातं. उष्णतेचंही तसंच, रडार आणि कॉम्प्युटरची गरमी बाहेर टाकायला मोकळ्या जाळ्या ठेवता येत नाहीत, बरीचशी इंधनातच मुरवावी लागते. एक गोष्ट सोडवली की दुसरी अडते.

लेथवाला
वरच्या फटीच्या मुद्द्यावर बोलतो कारण माझं पोट त्यावरच आहे, विमानाचे पार्ट बनवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये १२ वर्षं झाली. एक नमुना हाताने घासून पुसून परफेक्ट करता येतो हो, पण शंभरावा पार्ट पहिल्यासारखाच यायला हवा आणि पाच वर्षांनी स्क्वॉड्रनमध्ये झाकण बदललं तर तेही तसंच बसायला हवं, तिथे खरा कस लागतो. आणि त्यासाठी काम सलग पाहिजे. आमच्याकडे एका ऑर्डरसाठी मशीन घेतलं, पोरांना शिकवलं, मग पुढची ऑर्डर दीड वर्ष आलीच नाही, त्यातली दोन चांगली पोरं गाड्यांच्या कंपनीत गेली. ते कौशल्य परत उभं करायला पुन्हा तेवढाच वेळ जातो, आणि हे कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही. मे २०२५ मध्ये खाजगी कंपन्यांनाही अ‍ॅम्कात स्पर्धेने उतरायची वाट मोकळी झाली ते मला आवडलं, पण खालच्या सप्लायरपर्यंत काम नियमित पोचलं तरच उपयोग.

सह्यकडा
दोघांचंही मान्य, पण मला विचाराल तर पहिलं कारण इंजिन, दुसरं इंजिन. आपण हे आधी भोगलंय. जर्मन डिझाइनर कुर्ट टँक यांनी आपल्यासाठी केलेलं मारुत हे लढाऊ विमान १९६१ मध्ये उडालं, बांधणी सुंदर, पण ज्या ताकदीचं इंजिन धरून ते आखलं होतं ते मिळालंच नाही आणि कमी ताकदीच्या ऑर्फियस इंजिनावर ते ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडकलं. मग तेजससाठीचं आपलं स्वदेशी इंजिन कावेरी, १९८९ ला मंजूर, २००८ ला तेजसपासून वेगळं केलं. त्यात नुसती टीका करून भागत नाही, टर्बाइनचं पातं ज्या वायूत फिरतं त्याचं तापमान त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षा जास्त असतं, म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं आणि आतून केसासारख्या वाटांनी हवा खेळवायची. हे कोणी कोणाला शिकवत नाही. उडत्या विमानाला लावून चाचणी घ्यायलाही आपल्याकडे सोय नव्हती, २०१० मध्ये कावेरी रशियात इल्युशिन-७६ या मालवाहू विमानावर लावून तपासलं. आणि परक्या इंजिनाची किंमत तेजस मार्क-१ए ने मोजलीच, २०२१ ला ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, पहिलं हातात आलं मार्च २०२५ ला. अ‍ॅम्काची पहिली विमानंही अमेरिकन एफ-४१४ इंजिनावरच उडणार आहेत.

वाटसरू
मग रशियाबरोबरच का नाही बनवलं? तसा करार होता ना?

सह्यकडा
होता, २०१८ मध्ये आपण बाहेर पडलो. हवाई दलाचं त्या विमानाच्या स्टेल्थ आणि इंजिनाबद्दल समाधान नव्हतं, शिवाय तंत्रज्ञान किती हातात येणार हेही धड ठरत नव्हतं. आता अ‍ॅम्कासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर भारतातच इंजिन बनवायचं संरक्षणमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलंय. माझं लक्ष एकाच गोष्टीवर आहे, पात्याच्या ओतकामाची रीत आपल्याला मिळते की फक्त जोडणी. आणि उंचीवरच्या चाचणीची सोय आपल्याच जमिनीवर उभी राहिली पाहिजे, त्यासाठी विमानाची वाट बघायची गरज नाही, ते आजच सुरू करता येतं.

लेथवाला
ओतकामाचं अगदी खरं. जोडणी सहा महिन्यांत शिकता येते.