दिवाळीचा फराळ, पाहुणचार आणि वजन: घरच्यांचे मन न मोडता काय करता येईल?

प्रश्न: गोदाकाठ (नाशिक)

सर्वांना नमस्कार. आम्ही एकत्र कुटुंबात राहतो. माझे वय ४६ आहे. यजमानांची अलीकडे रक्ततपासणी झाली, तेव्हा एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी पातळी दाखवणारी तपासणी) ६.१ टक्के आले. मधुमेह अजून झालेला नाही, पण तो उंबरठ्यावर आहे, तेव्हा औषधाआधी वजन निदान पाच टक्क्यांनी उतरवा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. माझेही वजन दर वर्षी याच दिवसांत वाढते. गणपतीत मोदक, गौरीच्या जेवणाला पुरणपोळी, नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, कोजागरीला मसाला दूध आणि आता दिवाळी, असा हा क्रम सुरूच असतो.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. सगळा फराळ त्या अजूनही स्वतः उभ्या राहून करून घेतात आणि नातेवाइकांना डबे भरून देण्यात त्यांना मोठा आनंद वाटतो. त्यांना 'आम्ही खाणार नाही' असे सांगण्याचे धाडस मला होत नाही आणि तशी इच्छाही नाही. फराळ पूर्ण बंद करणे आवश्यक आहे का? तळण्याऐवजी भाजलेले पदार्थ केले तर कितपत फरक पडतो? रोज पाऊण तास चालणे पुरेसे होईल का?

उत्तर १: आहारकक्ष (पुणे)

ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. दिवाळीच्या सुमारास असे प्रश्न घेऊन अनेक जण येतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

फराळ बंद करण्याची गरज नाही. वजन दिवाळीच्या चार दिवसांत फारसे वाढत नाही. ते वाढते त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत, जेव्हा डबे स्वयंपाकघराच्या ओट्यावर असतात आणि चहाबरोबर, टीव्ही पाहताना, येताजाता थोडे थोडे तोंडात टाकले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००० साली १९५ प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील सणासुदीच्या काळात, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, सरासरी वाढ फक्त ०.३७ किलो होती आणि लोकांना स्वतःला वाटत होते त्यापेक्षा ती बरीच कमी होती. मात्र ती वाढ पुढे उतरली नाही, ही त्यातील गंभीर बाब आहे. दर वर्षीचे थोडेसे साचत गेले की दहा-पंधरा वर्षांत कपड्यांचे माप बदलते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्याने दीड किलो जास्त दाखवले तर घाबरू नये. एक किलो चरबी साठण्यासाठी सुमारे ७७०० जादा कॅलरी लागतात. दोन दिवसांतली वाढ बहुतांशी पाण्याची असते, कारण मीठ जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते आणि साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (यकृतात व स्नायूंत साठणारी साखर) सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. अशा वेळी घाबरून उपास करणारे लोक तिसऱ्या दिवशी दुप्पट खातात. वजनापेक्षा कंबरेचा घेर महिन्यातून एकदा मोजा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते.

आता प्रमाणाविषयी. लिंबाएवढा बेसनलाडू साधारण १९० कॅलरींचा होतो, कारण त्यात सुमारे दहा ग्रॅम तूप असते आणि एका ग्रॅम तुपात ९ कॅलरी असतात. एक लाडू, एक करंजी, दोन चकल्या आणि मूठभर चिवडा अशी बशी भरली की ६०० ते ७०० कॅलरी होतात, म्हणजे जवळपास एक पूर्ण जेवण. पाऊण तास भरभर चालण्याने मध्यम वजनाच्या व्यक्तीच्या १५० ते २०० कॅलरी खर्च होतात. त्यामुळे चालणे अवश्य ठेवा, पण खाल्लेले चालून फेडण्याचा हिशेब जुळत नाही. चालण्याचा खरा लाभ साखरेच्या नियंत्रणात आहे. जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटे चालल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, हे यजमानांना आवर्जून सांगा.

माझा आग्रह एकच आहे: फराळ हा जेवणाच्या जागी असावा, जेवणावर नसावा. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर सर्वांनी बसून मनसोक्त फराळ करावा आणि तीच त्या दिवसाची न्याहारी समजावी. दुपारी वरण, मोजका भात, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक इतकेच ठेवावे. संध्याकाळी कोणाकडे जायचे असेल तर घरून मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा दही खाऊन निघावे, म्हणजे समोर आलेल्या ताटातले दोन पदार्थ समाधानाने खाता येतात.

उत्तर २: सांडगे_पापड (सांगली)

भाजलेल्या पदार्थांविषयी मी लिहिते, कारण दर वर्षी आमच्याकडे चार घरांचा फराळ एकत्र होतो.

भट्टीत भाजलेल्या करंजीच्या पारीत मोहन घालावेच लागते आणि सारणातली साखर व खोबरे तेवढेच राहते, त्यामुळे बचत वाटते त्यापेक्षा कमी असते. शिवाय 'ही भाजलेली आहे' म्हणून माणसे चार खातात. भाजणीची चकली तर तळलेलीच असावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र ती नीट तळली पाहिजे. तेल पुरेसे तापलेले नसेल किंवा मोहन जास्त झाले असेल तर चकली तेल पिते, मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी कागद तेलकट झालेला दिसतो. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. उरलेले तेल गाळून फोडणीसाठी लवकर संपवावे, आणि ते काळपट किंवा चिकट झाले असेल तर टाकून द्यावे. खरी बचत चिवड्यात होते: तळलेल्या पोह्यांऐवजी पातळ पोहे मंद आचेवर कोरडे भाजून घेतले आणि वरून बेताची फोडणी दिली, तर चव तीच राहते आणि तेल अगदी थोडे लागते.

आणखी एक विचार करून पाहा. सुक्या खोबऱ्याची करंजी महिनाभर टिकते, म्हणून ती महिनाभर खाल्ली जाते. ओल्या नारळाच्या करंज्या दोन दिवसांत संपवाव्या लागतात, म्हणून त्या दोनच दिवसांपुरत्या केल्या जातात आणि सणाची गोडीही पूर्ण मिळते. शंकरपाळ्यांबाबत मात्र मी कठोर आहे. मुठीने खाल्ले जाणारे आणि मोजता न येणारे हे गोड आमच्याकडे आता फक्त मुलांच्या डब्यापुरते होते.

सासूबाईंना 'नको' म्हणण्याऐवजी त्यांच्याकडेच सल्ला मागा. मुलाच्या तपासणीत काय आले हे त्यांना मोकळेपणाने सांगा आणि यंदा कोणते तीन पदार्थ ठेवायचे हे त्यांनाच ठरवू द्या. आईला मुलाच्या प्रकृतीची काळजी इतर कोणाहूनही जास्त असते. लाडू नेहमीच्या निम्म्या आकाराचे वळायला सांगा. नातेवाइकांचे डबे पहिल्याच दिवशी, ताजे असतानाच भरून द्या, म्हणजे त्यांचा देण्याचा आनंद तसाच राहील आणि घरात उरेल ते थोडे असेल.

उत्तर ३: हडसनपार (न्यू जर्सी)

इथे बहुतेकांना दिवाळीची हक्काची सुटी नसते. त्यामुळे तीच दिवाळी प्रत्येक शनिवार-रविवारी वेगवेगळ्या घरी साजरी होते आणि तोपर्यंत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचे थँक्सगिव्हिंग येते, पाठोपाठ नाताळ. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा अशा जेवणांत आमच्या गटाने ठरवून घेतले आहे की गोड एकाच घराने आणायचे आणि निदान दोन घरांनी भाजी, उसळ किंवा कोशिंबीर आणायची. याने फार फरक पडला, कारण पूर्वी टेबलावर पाच गोड पदार्थ असत आणि प्रत्येकाचा मान राखावा लागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळे मागे जातात आणि पाच वाजताच अंधारून येते, म्हणून चालायला आम्ही दुपारच्या जेवणाच्या सुटीत बाहेर पडतो.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन पदार्थांची कल्पना सासूबाईंना आजच सांगते. एक शंका राहिली. सासरे मधुमेहाची गोळी घेतात. भाऊबीजेला प्रवास असतो आणि जेवणाच्या वेळा चुकतात. त्यांच्यासाठी गुळाचे अनारसे किंवा बिनसाखरेचे लाडू चालतील का?

उत्तर ४: आहारकक्ष (पुणे)

गुळानेही साखर वाढतेच, आणि अनारशात तांदळाचे पीठ व तळणही असते. अर्धा अनारसा चालेल, पण गुळाचा आहे म्हणून तीन चालणार नाहीत. बिनसाखरेच्या लाडवातले तूप आणि बेसन कायम असते, त्यामुळे तोही एकच. चकली गोड नसली तरी धान्याच्याच पिठाची आहे, हेही त्यांच्या लक्षात आणून द्या.

गोळीचे नाव आधी पाहा. केवळ मेटफॉर्मिन असेल तर जेवण लांबल्याने साखर धोकादायक उतरण्याची शक्यता कमी असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर मात्र औषध घेऊन जेवण चुकवणे अंगाशी येऊ शकते. प्रवासात जेवणाची वेळ निश्चित ठेवा, बरोबर फुटाणे, एखादे फळ आणि साखर असू द्या. घाम सुटणे, हात थरथरणे, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसली किंवा साखर ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटले की लगेच काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे.

गोड जास्त झाले म्हणून स्वतःच्या मनाने दुसरी गोळी घेणे हा प्रकार सणात फार आढळतो आणि तो घातक आहे. वेळापत्रक बदलणार असेल तर दिवाळीपूर्वीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून कोणत्या दिवशी किती आणि केव्हा घ्यायचे हे कागदावर लिहून आणा, आणि तो कागद प्रवासात त्यांच्या खिशात ठेवा.