पाडली, उतरवली की मोडीत काढली?

विचारणारा : फ्लोरिडात डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कमध्ये जादूगार मिकीची अजस्र निळी टोपी २००१ पासून उभी होती. उंची १२२ फूट! २०१५ च्या सुरुवातीला ती काढून टाकली. ते फोटो काल भाचीला दाखवताना म्हटलं, "बघ, ही टोपी पाडली." तर म्हणते, "मामा, पाडली तर विटा-माती कुठाय? कशाची केली होती?" अडकलो. 'डिमॉलिशन'ला इथे नेमकं काय म्हणायचं?

सिव्हिलवाला : भाची हुशार आहे. आपण वाडा पाडतो, भिंत पाडतो आणि खाली राडारोडा उरतो. टोपीच्या फोटोंत राडारोडा जवळजवळ नाहीच. बाहेरचं कवच तुकड्यातुकड्यांनी निघालंय आणि आत पोलादी सांगाडा दिसतोय. कवच फायबरचं असावं, हा माझा अंदाज. काँक्रीटचं असतं तर ब्रेकर लावावा लागला असता, असे अख्खे तुकडे हाती आले नसते. कौलं, पत्रे, मखर हे आपण 'उतरवतो'. जे एकावर एक चढवलेलं असतं ते उतरवायचं. शिवाय टोपीच ती, उतरवायचीच!

जुन्या शब्दांचा भंगारवाला : धातूचं काम असेल तर 'मोडीत काढणे' विसरू नका. फुटकी तांब्या-पितळेची भांडी वजनावर मोडीत घालायची, तीच ही मोड. मातीचं मडकं कुणी मोडीत घालत नाही. पुढे हा शब्द विक्रमांना चिकटला. न्यू जर्सीतला 'किंगडा का' हा ४५६ फुटी रोलर कोस्टर घ्या. २००५ साली सुरू झाला तेव्हा जगात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत वेगवान. वेगाचा विक्रम अबू धाबीच्या 'फॉर्म्युला रोसा'ने २०१० मध्ये मोडीत काढला. उंचीचा शेवटपर्यंत टिकला, पण कोस्टरच मोडीत निघाला.

सिव्हिलवाला : पण तो २८ फेब्रुवारी २०२५ ला स्फोटाने आडवा केला ना? तिथे 'पाडला'च म्हणावं लागेल. पोलादी असूनही.

भंगारवाला : मान्य. मनोरा पाडला, पोलाद मोडीत गेलं. पाडणं हे उभ्या वस्तूचं, मोडीत जाणं मालाचं.

कोथरूडकर : मालाचा अंदाज चुकला की काय होतं ते आम्ही पाहिलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये चांदणी चौकातला जुना पूल पाडायला सुमारे ६०० किलो स्फोटकं लावली. मध्यरात्री धडाका झाला, धूळ बसली, तर पूल पुरता पडलेलाच नाही! काँक्रीट उडालं, सळयांनी धरून ठेवलं. लोखंड अपेक्षेपेक्षा दणकट निघालं म्हणे. उरलेलं काम पोकलेनने केलं. (पोकलेन हे मुळात 'पोक्लेन' या फ्रेंच कंपनीचं नाव. जेसीबीसारखंच, कंपनीचं यंत्राला चिकटलं.) त्या रात्री 'पूल उतरवला' असं कुणी म्हटलं असतं तर हसू झालं असतं.

विचारणारा : सर्वांचे आभार. भाचीला सांगितलं, "टोपी उतरवली, आत लोखंडाचा सांगाडा होता." थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि मामा, डोकं?"